आतोबा आणि शेठची गाडी

दारात लाल रंगाची, दोनच माणसांची, शर्यतीत पळवायची मोटार उभी असताना वीसेक वर्षं पायी चाललेला माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. भाईंदरात मात्र लोक त्यांना 'मोटारवाले' म्हणत आणि त्याचा त्यांना मनस्वी राग यायचा. कोणी वाटेत "काय मोटारवाले, तुमची गाडी काय म्हणतेय?" असं सहज विचारलं, की आतोबा जागच्या जागी थांबायचे, छत्री काखेत मारायचे आणि शांतपणे सांगायचे, "गाडी माझी नाही. शेठची आहे. माझ्याकडे फक्त ठेवलीय." हे ऐकवल्याशिवाय ते पुढे पाऊल टाकत नसत. विचारणाऱ्याची लोकल चुकली तरी चालेल, पण त्याचा गैरसमज राहता कामा नये. पुढे पुढे लोक मुद्दाम विचारायला लागले आणि आतोबा प्रत्येकाला तितक्याच गांभीर्याने सांगत राहिले.

शेठ म्हणजे, आतोबा ज्या मिठागरावर हजेरी-कारकून होते, त्या मिठागराच्या पारशी मालकांचा धाकटा मुलगा. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. हे धाकटे शेठ विलायतेला निघाले तेव्हा आपली लाडकी मोटार त्यांनी आतोबांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभी केली, एका दुपारीत आतोबांना मिठागराच्या बांधावर ती चालवायला शिकवली आणि सांगितलं, "सहा महिन्यांत येतो. तोवर सांभाळा. आठवड्यातून एकदा इंजिन चालवत जा, नाहीतर बसेल." आतोबा "हो" म्हणाले. आतोबांच्या 'हो'ला फार वजन असायचं. इतकं, की ते उचलायला नंतर आत्यालाही हात लावावा लागे. सहा महिने झाले, सहा वर्षं झाली, थोरले शेठ वारले, मिठागर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, फोर्टातली त्यांची कचेरी बंद झाली, आतोबांचे केस पांढरे झाले. धाकटे शेठ कुठे आहेत ते कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या कोणीही एवढ्यात गाडी विकून पत्र्याच्या घरावर कौलं चढवली असती. आतोबा दर रविवारी इंजिन चालवत राहिले.

हा रविवारचा कार्यक्रम पाहायला मी लहानपणी मुद्दाम आत्याकडे राहायला जायचो. सकाळी आंघोळ करून, पाय पुन्हा एकदा धुऊन, कोरडे करून आतोबा अनवाणी गाडीत शिरत. सीटवर आधी धुतलेलं धोतर दुमडून घालत, कारण आपल्या बसण्याने शेठच्या सीटचं कातडं झिजू नये. मग गाडी शेडमधून निघून खाडीच्या बांधापर्यंत जायची आणि वळून परत यायची. वेग म्हणाल तर मी शेजारून चालत गप्पा मारायचो. ते मधेच गाडी थांबवून कोणाशी बोलत नसत, आणि शेजारच्या सीटवर कोणाला बसवत नसत, मला नाही आणि आत्यालाही नाही. बांधावरच्या भाजीवालीकडे एकदा ताजी चवळी दिसली. आतोबांना चवळी फार आवडायची. त्यांनी गाडी घरी आणली, पुसली, शेड बंद केली, चपला घातल्या आणि चालत बांधावर जाऊन चवळी घेऊन आले. "वाटेतच घेतली असती तर?" मी विचारलं. "इंजिन चालवायला सांगितलंय," आतोबा म्हणाले, "भाजी आणायला नाही सांगितलं."

हा नियम ते सगळ्यांना लावत, स्वतःला तर पहिल्यांदा. रेतीचा धंदा करणाऱ्या एका बड्या माणसाने मुलाच्या वरातीसाठी गाडी मागितली तेव्हा आतोबांनी हात जोडून नकार दिला आणि वर वरातीत शेवटपर्यंत पायी चालून दाखवलं. पण आत्याच्या मनात जे घट्ट बसलं होतं ते वेगळंच. पावसाळ्यात ओट्यावरून पाय घसरून तिचं घोट्याचं हाड मोडलं, तेव्हा आतोबा धावत स्टेशनावर गेले, घोडागाडी घेऊन आले आणि तिला दवाखान्यात नेलं. घोडागाडी नेमकी त्या शेडच्या पुढ्यातून गेली. "मी कण्हत होते," आत्या सांगायची, "आणि हे घोडागाडीवाल्याला म्हणतात, जरा बाजूने घे, गाडीला घासेल." तेव्हापासून ती त्या मोटारीला उघड उघड सवत म्हणायला लागली. आतोबांनी तेही दुरुस्त केलं. "माझी असती तर सवत म्हणायला हरकत नव्हती," ते म्हणाले.

भाईंदरच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, दाराच्या बिजागऱ्या, सगळं बघता बघता पापडासारखं सुटतं. ती गाडी मात्र जशीच्या तशी राहिली, आणि त्याचं कारण सांगताना आत्या नाकाला पदर लावायची. उत्तनला आतोबांचा ओळखीचा एक ख्रिस्ती नाखवा होता. समुद्राच्या पाण्यात होडी कुजू नये म्हणून ही माणसं लाकडाला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल फासतात. आतोबांनी त्याला विचारलं, लोखंडाला चालेल का. नाखवा म्हणाला, "होडीला लावतो त्याच हाय. गारीला काय व्हनार न्हाय." झालं. दर अमावास्येला आतोबा गाडीखाली आडवे होऊन चिंधीने ते तेल फासायचे. गाडीला गंज लागला नाही हे खरं, पण तिला तेलाचा वास असा काही बसला, की वारा पडलेला असला तरी खारी गावापर्यंत कळावं आज अमावास्या आहे. स्टेशनाच्या पश्चिमेकडची एकूण एक मांजरं शेडच्या दाराशी मुक्कामाला असत. "सोमवारी घरात सुका बोंबील भाजू देत नाहीत," आत्या म्हणायची, "आणि स्वतः अख्खी मूस अंगाला चोळून येतात."

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला फार उशिरा जाणवली. आत्या आणि आतोबा दोघं मिळून कधी कुठेच जात नसत. गणपतीला ती रत्नागिरीकडे गेली की ते घरी, शिमग्याला ते गेले की ती घरी. माझ्या बहिणीच्या लग्नात सकाळच्या विधींना आत्या होती आणि संध्याकाळच्या जेवणाला आतोबा. आत्याची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हाही ती एकटीच गेली आणि एकटीच रडून आली. शेठची वस्तू घरात असताना घराला कुलूप लावून जायचं नाही, एवढं साधं कारण होतं. आम्ही त्याला आतोबांचं गाडीचं वेड म्हणायचो. ते गाडीपायी बायकोलाही विसरलेत, असं आमच्या घरात सर्रास बोललं जायचं, आणि मीही त्यात तोंड घालायचो.

सत्तर सालच्या आसपास मी नोकरीला लागलो होतो. एका सकाळी आतोबा वर्तमानपत्राचं पान घेऊन आमच्याकडे आले. दिल्लीत हिवाळ्यात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि ते भरवणाऱ्या मंडळींच्या फोटोत मधोमध एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. "हे शेठ," आतोबा म्हणाले. फोटोत मला फक्त टक्कल दिसत होतं. पण आतोबांनी त्यांना कानांवरून ओळखलं होतं. त्यांचा बेत तयार होता. गाडी चालवत दिल्लीला न्यायची आणि प्रदर्शनातच शेठच्या हवाली करायची. "तिथं गाडीतलं कळणारी चार माणसं असतील. त्यांच्यादेखत दिलेली बरी. उद्या कोणी म्हणायला नको, हे मोडलं आणि ते काढलं." रेल्वेच्या वाघिणीतून पाठवा असं मी सुचवलं. त्यावर आतोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी आजीला पार्सल करायला सांगितलं होतं.

बरोबर कोण जाणार हा प्रश्न आत्याने सोडवला. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "विनू, तू जा. गाडी पोचेल रे, गाडीला काही होत नाही. मला यांची धास्ती आहे. किल्ली हातातून सुटली की हे उभ्या उभ्या कोसळतील. वीस वर्षं जीव लावलाय. त्या वेळी तू अगदी शेजारी उभा राहा." आणि तिने माझ्या पिशवीत एक मोठा कांदा टाकला, चक्कर आलीच तर फोडून नाकाला लावायला. ज्या गाडीने तिचा संसार अर्धा केला, त्या गाडीच्या जाण्याने नवरा खचेल म्हणून ती डोळे पुसत होती. मला त्या वेळी आतोबांचा खरोखर राग आला.

निघायच्या दिवशी आळीतली सगळी मंडळी जमली. नारळ फोडायचा ठरला, तर आतोबांनी तो गाडीपासून दहा हात लांब फोडायला लावला, करवंटीचा टवका उडून रंगावर बसू नये म्हणून. चाकांखाली लिंबं ठेवू दिली नाहीत. आंबटाचे डाग पडतात म्हणाले. मला शेजारच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली, पण मीही पाय धुऊन, चपला पिशवीत घालून आणि बुडाखाली आत्याचं जुनं लुगडं घेऊन. आत्या शेडच्या दारात उभी होती. आतोबा तिला म्हणाले, "दार लावून घे." नेहमीच्या सवयीने म्हणाले. आता आत काही राहणार नव्हतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याला येऊन आम्ही आग्रा रोडला लागलो. ज्या गाडीने म्हणे एके काळी शर्यती जिंकल्या होत्या, तिला वाटेत ट्रक ओलांडून गेले, एसट्या ओलांडून गेल्या, कसाऱ्याच्या अलीकडे एक वऱ्हाडाची बैलगाडी आमच्या पुढे गेली आणि तिच्यातल्या बायकांनी वळून आमच्याकडे कौतुकाने पाहिलं. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन बाई चालते तसे आतोबा गाडी चालवत होते. घाटात ते इंजिन निववायला इतक्यांदा थांबले, की घाट आम्ही चढलो यापेक्षा घाटात आम्ही राहिलो म्हणणं खरं. कापडी टप होता, पण तो उघडमीट केला की शिवण जाते, म्हणून तो मिटलेलाच. डिसेंबरातली थंडी, समोरून बोचरा वारा, आणि आम्ही दोघं घोंगडीतून नुसते डोळे बाहेर काढून बसलेलो. नाशकापुढे अवकाळी सर आली तेव्हा आतोबांनी झटकन गाडी थांबवून तिच्यावर ताडपत्री घातली, कडा नीट खोचल्या, आणि मग आम्ही दोघं त्या ताडपत्रीशेजारी रस्त्यावर उभे राहून भिजलो.

मुक्कामाच्या ठिकाणी वेगळीच परवड. इंदूरच्या एका धर्मशाळेत आम्ही फाटकातून आत शिरलो नाही तोच व्यवस्थापक नाक धरून आडवा आला. "मच्छी अंदर नहीं आएगी."

"मच्छी नहीं है, मोटर है," आतोबा आपल्या भाईंदरी हिंदीत म्हणाले.

"तो मोटर को नहला के लाओ."

आतोबांनी त्याला तेलाचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. मूस या माशाचं नाव त्यांना हिंदीत येईना, म्हणून त्यांनी हाताने पोहून दाखवलं. धर्मशाळेतले यात्रेकरू उठून बाहेर यायला लागले तेव्हा मी आतोबांना ओढून बाहेर काढलं. मग ते रस्त्याच्या कडेला गाडीशेजारीच सतरंजी टाकून झोपले. झोपले म्हणजे आडवे झाले. पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक त्यांनी गाडीच्या चाकाला बांधलं होतं. कोणी गाडी ढकललीच तर आधी आतोबा ढकलले जावेत अशी व्यवस्था. सकाळी पाहिलं तर त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि दोन मांजरं बॉनेटवर बसून त्यांच्याकडे पाहत होती.

त्याआधी, सेंधव्याच्या अलीकडे घाट उतरताना, एक प्रसंग घडला होता. आम्ही नेहमीच्या चालीने उतरत असताना मागून एका ट्रकचा हॉर्न सुरू झाला तो थांबेना. मागे वळून पाहिलं तर ड्रायव्हर खिडकीतून हात काढून बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. त्याचा ब्रेक गेला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, बाजूला व्हायचं कुठे? आतोबांनी एकदा आरशात पाहिलं आणि पाय दाबला. त्या गाडीने जो काही सूर मारला तो मी जन्मात विसरणार नाही. वीस वर्षं तिच्या पोटात दाबून ठेवलेला आवाज एकदम बाहेर पडला. वळणं येत होती आणि जात होती, गाडी रस्त्याला चिकटून पळत होती, आणि आतोबांचे हात त्या चाकावर असे काही फिरत होते, की हजेरी मांडणारा कारकून हाच का असं वाटावं. घाट संपून पुढे चढ लागला तेव्हा मागचा ट्रक धापा टाकत एका मातीच्या ढिगात शिरून थांबला. सगळे वाचलो. मी आनंदाने वेडा झालो होतो. "आतोबा," मी म्हणालो, "काय गाडी आहे हो ही!"

आतोबांनी गाडी कडेला घेतली. दाढ दुखत असावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. खाली उतरून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठे ओरखडा नाही ना ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "असेल चांगली. शेठना सांग तू." मग बराच वेळ ते दगडावर बसून राहिले. मला वाटलं, गाडी हातची जाणार म्हणून गलबललेत. मी पिशवीतला कांदा चाचपून पाहिला.

ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा करत एकदाचे आम्ही दिल्लीत पोचलो. प्रदर्शनाच्या मैदानावर हिरवळ, तंबू, बँड, टोप्या घातलेले साहेब, उंची साड्यांतल्या बाया आणि आरशासारख्या चमकणाऱ्या मोटारी. फाटकावरचा शिपाई नंबर विचारायला लागला तेव्हा आतोबा म्हणाले, "दिखाने को नहीं लाया. वापस देने को लाया." हे उत्तर त्याने आयुष्यात ऐकलं नसावं, कारण त्याने बाजूला होऊन सलाम ठोकला. आम्ही एका राजेसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र मोटारीशेजारी जागा धरली. थोड्याच वेळात राजेसाहेबांच्या माणसांनी त्यांची मोटार पलीकडे सरकवली. मग तिच्या पलीकडचीही सरकली. भोवती चांगलं ऐसपैस वर्तुळ तयार झालं आणि आमच्या डोक्यावर दिल्लीच्या घारी घिरट्या घालायला लागल्या. पाच-सहा होत्या, मग पुष्कळ झाल्या. परीक्षक मंडळी एकेक गाडी निरखत येत होती ती आमच्यापाशी येऊन रुमाल काढून थबकली. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आतोबा मात्र ताठ उभे होते, अनवाणी, हातात किल्ली धरून.

तेवढ्यात परीक्षकांच्या मागून एक टकले गृहस्थ पुढे आले. त्यांनी रुमाल काढला नाही. उलट डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"आ तो भायंदरनी वास छे," ते स्वतःशीच म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी गाडीकडे पाहिलं, गाडीवरून आतोबांकडे पाहिलं. "अरे! तुमी ते मिठागरवाले? हजेरी लिवायचे, तेच ना?"

"होय शेठ. तुमची गाडी आणलीय."

"गाडी?" शेठ म्हणाले. "ही अजून हाय? मला वाटला, ती कधीच भंगारमदी गेली असेल."

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं एका माणसाने स्वतःला आणि बायकोला जिच्यापायी बांधून घेतलं, ती गाडी हा माणूस साफ विसरला होता. आतोबांना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी सरळ बॉनेट उघडलं आणि हिशेब द्यायला सुरुवात केली. "शेठ, इंजिन मूळचं आहे. सीटचं कातडं मूळचं. हा डावीकडचा आरसा मात्र नवा आहे, जुना माकडाने नेला. रेडिएटरचं झाकण आपल्या भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात करून घेतलंय, डब्याच्या झाकणाचं आहे, पण बसतं नीट. वाटेत घाटात एकदा जोरात चालवावी लागली, ती माझी चूक धरा." परीक्षकांनी खाली वाकून पाहिलं. चाळीस वर्षं जुन्या गाडीच्या पोटाला गंजाचा ठिपका नव्हता. ते एकमेकांकडे पाहत राहिले.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. त्यांनी आतोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांभाळली तुमी, तर गाडी तुमचीच. आजपासून मी ही तुमाला दिली. चालवत घरी घेऊन जा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझाही ऊर भरून आला. जे व्हायला हवं होतं तेच झालं असं वाटून मी आतोबांकडे वळलो, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. मी घाईघाईने कांदा बाहेर काढला.

"शेठ," आतोबा हात जोडून म्हणाले, "एवढं करू नका."

टाळ्या थांबल्या.

"गाडी चांगली आहे. तिच्यात खोट नाही. पण मला नको. मला गाडीतलं काही कळत नाही शेठ, आवडही नाही. मला चालायला आवडतं. तुम्ही सांगितलं म्हणून सांभाळली. आम्ही नवरा-बायको वीस वर्षांत मिळून कुठे गेलो नाही. तिची आई गेली तेव्हा मी तिच्याबरोबर नव्हतो. आता तुमची वस्तू तुम्ही घ्या आणि मला मोकळं करा."

मी कांदा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. अख्खं भाईंदर ज्या माणसाला गाडीवेडा म्हणून हसत होतं, त्याला ती गाडी कधी आवडलीच नव्हती. वीस वर्षं ते तेल फासलं, ते पाय धुतले, ती धोतराची घडी घातली, ते सगळं एका नावडत्या वस्तूसाठी, कारण 'हो' म्हणून बसले होते. शेठनी मान खाली घालून दोन्ही हातांनी किल्ली घेतली, देवळात प्रसाद घ्यावा तशी. किल्ली सुटली, आणि आतोबा कोसळले नाहीत. त्यांनी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या, नळ कुठे आहे ते विचारलं आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "चल," म्हणाले, "भूक लागलीय."

परतीच्या प्रवासात आगगाडी सुटायच्या आतच त्यांना झोप लागली. मथुरेला चहावाले ओरडले, रतलामला माणसं अंगावरून चढली, बडोद्याला कोणीतरी त्यांच्या पोटावर वळकटी ठेवली, आतोबा झोपलेलेच. मी दोनदा नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. एकदाच त्यांनी अर्धवट डोळे उघडले, अंगठा हलवून पाहिला, सुतळी नाही हे ध्यानात आलं तसे मनापासून हसले आणि कूस वळवून पुन्हा घोरायला लागले. इतकं सुखाचं घोरणं मी कोणाचं ऐकलं नाही.

भाईंदरला मी आत्याला सगळं सांगितलं. शेठ गाडी देत होते आणि यांनी नको म्हटलं, हे ऐकल्यावर ती बराच वेळ परातीतली कणीक तिंबत राहिली. मग म्हणाली, "मला एकदा सांगायचं तरी होतं, आवडत नाही म्हणून. मी उगीच तिचा मत्सर करत बसले." आणि ती रडायला लागली. आतोबा दारातून म्हणाले, "शेठच्या वस्तूला नावं कशी ठेवायची?" त्यावर तिने लाटणं उगारलं, आणि मला एकदम हायसं वाटलं. त्या घरातलं एक मोठं ओझं उतरलं होतं आणि आता दोघं भांडायला मोकळी होती.

पुढच्या शिमग्याला ती दोघं मिळून गावाला निघाली. दाराशी घोडागाडी उभी, आत्या नव्या लुगड्यात, एक ट्रंक, एक वळकटी आणि डब्यात दशम्या. एवढं भरलेलं घर महिनाभर रिकामं राहणार म्हणून मी आपण होऊन हात पुढे केला. "आतोबा, किल्ली माझ्याकडे द्या. मी येऊन जाऊन लक्ष ठेवीन."

आतोबांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली माझ्या हातात न देता दारावरच्या फळीवर ठेवून दिली, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी.

"नको रे विनू," ते म्हणाले, "काही गेलं तर जाऊ दे. तुझ्यामागे कशाला लावू?"

मग ते आत्याला हात देऊन घोडागाडीत चढले. आत्या म्हणत होती, जरा नीट बसा, मला जागा पुरत नाही, आणि आतोबा सरकत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचं ते चाललेलं मला दिसत होतं.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ वस्तू सांभाळायला दिल्या, आणि विश्वास आहे म्हणून दिल्या असंही सांगितलं. आतोबांनी मात्र शेवटपर्यंत एक काडीसुद्धा माझ्याकडे ठेवली नाही. माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.